वर कडक, खाली मऊ

मंगळवारी संध्याकाळी सरपंच गेबहार्ट बुर्गलबाईंच्या जेवणघरात आले, तेव्हा वुबेनासाहेबांच्या चमच्यात सुपातला पावाचा गोळा होता. पुढची दहा मिनिटं तो तिथेच राहिला.

बातमी तशी आनंदाची होती. हिंटरलाख गावात एकाच घरी दहा हिवाळे उतरणाऱ्या पाहुण्याला पितळी बिल्ला मिळतो, पंधरा झाले की चांदीचा आणि पंचविसाला सोन्याचा. वर बँड, भाषण आणि धुरावलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा. समुद्राकाठच्या सपाट मुलखातून दर फेब्रुवारीत येणारे वुबेनासाहेब यंदा पंचविसाव्यांदा बुर्गलबाईंकडे उतरले होते. पण तेवढ्यावर थांबतील तर ते सरपंच कसले? दरवर्षी याच आठवड्यात गुरुवारी दिवेलागणीला स्कीशाळेचे चौदा शिक्षक मशाली घेऊन डोंगरावरून घसरत येतात. त्यांच्या सगळ्यात पुढे यंदा वुबेनासाहेब असतील, असं त्यांनी जाहीर केलं. पत्रकं वाटूनही झाली होती.

"मोठाच मान दिलात," वुबेनासाहेब म्हणाले आणि त्यांनी गोळा परत सुपात सोडला.

बुर्गलबाईंच्या हातातला पळा थबकला. वुबेनासाहेबांना स्की येत नाही, हे त्यांना चोवीस वर्षं ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी, पहिल्याच सकाळी, लहान मुलांच्या उतारावरून साहेब जे सुटले ते थेट फिगिलच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात जाऊन थांबले. फिगिल हा चर्चची घंटा वाजवणारा माणूस. त्याने त्यांना उपसून काढलं, चुलीपाशी बसवलं, चहात रम ओतली आणि पत्ते वाटले. तेव्हापासून साहेब रोज नऊ वाजता स्की खांद्यावर टाकून निघत ते फिगिलच्या स्वयंपाकघरात जात आणि चारला परत येत. फिगिल, त्याची बायको आणि साहेब असे तिघंच. चौथा भिडू नाही म्हणून डाव नेहमी लंगडा. रेडिओवर बर्फाची बातमी लागे, ती तेवढी साहेब कान देऊन ऐकत.

फिगिलच्या बायकोने ही गोष्ट बेकरीत सांगितली होती, म्हणजे पुढे कुणाला सांगायची गरज उरली नाही. पण पाहुण्याची फजिती पाहुण्यासमोर काढायची नाही, असा त्या गावाचा दंडक. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. बुर्गलबाई रोज संध्याकाळी सूप वाढताना विचारत, "आज बर्फ कसा होता?" आणि साहेब म्हणत, "वर कडक, खाली मऊ." मग बाई त्यांच्या कोरड्याठाक स्की फडक्याने पुसत आणि मेण लावून ठेवत. चोवीस वर्षांत त्यांच्यावर मेणाचा थर बोटभर झाला होता, ओरखडा एक नव्हता. साहेबही तसेच सभ्य. जेवणघराच्या भिंतीवर स्कीशर्यतींचे अकरा कप होते, ते कुणाचे हे त्यांनी पहिल्या वर्षी आल्याआल्या एकदाच विचारलं. बाई "जुन्या गोष्टी" म्हणाल्या, ते पुरलं.

आणि आता हे सरपंच. शेजारच्या खोऱ्यातून दोन वर्षांपूर्वी घरजावई म्हणून आलेला उत्साही माणूस. त्याला कुणी सांगायचं? बाहेरच्याला गावाचं गुपित सांगणं दंडकात बसत नव्हतं, आणि सरपंच झाला तरी तो बाहेरचाच. बुर्गलबाईंना मात्र घोर लागला. साऱ्या गावासमोर साहेब पुन्हा उकिरड्यात गेले, तर हा माणूस परत तोंड दाखवायचा नाही. नवरा लेओनहार्ट गेल्यापासून "बाई, तुम्ही जेवलात का?" असं विचारणारा तो एकच पाहुणा होता, आणि त्याच्यावाचून फेब्रुवारी कसा जातो हे बाईंना बघायचं नव्हतं.

बुधवारी पहाटे त्यांनी साहेबांचा डावा बूट पिठाच्या डब्यात लपवला. नऊ वाजता साहेबांनी शांतपणे सांगितलं, की एक बूट दिसत नाही आणि नेमकी उजवी स्कीही रात्रीतून मोडली आहे. तिच्यावर करवतीची खूण स्पष्ट होती. बाईंनी लाकूड जुनं झालं असेल म्हणून हळहळ व्यक्त केली. सरपंचांना हे कळलं, तसे ते तासाभरात दुकानातून कोरे बूट आणि कोऱ्या स्की घेऊन हजर झाले, पंचायतीकडून भेट म्हणून. साहेबांनी आभार मानले. त्यांचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला होता.

बुर्गलबाई तडक लिफ्टवाल्या कासियानकडे गेल्या. हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, की लिफ्ट जुनी झाली आहे, उद्या बंदबिंद तर पडणार नाही ना.

"बुर्गल, ती सकाळीच बंद पाडलीय मी," कासियान म्हणाला. "हे विचारायला आलेली तू पाचवी."

लिफ्ट बंद म्हटल्यावर सरपंचांनी बर्फ दाबणारी गाडी मागवली. तिची किल्ली घेऊन ड्रायव्हर सासुरवाडीला गेला होता, आणि सासूशी कधी न पटलेला तो माणूस अचानक तिच्या तब्येतीने व्याकूळ झाला होता. पण हरतील तर ते सरपंच कसले? गुरुवारी चार वाजता त्यांनी स्वतःची बर्फावरची स्कूटर काढली, वुबेनासाहेबांना मागे बसवलं, कोऱ्या स्की बांधल्या आणि त्यांना डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवलं. चौदा शिक्षक स्कींच्या तळाला न घसरणाऱ्या चामडी पट्ट्या लावून आधीच चढून गेले होते. साहेबांना त्यांच्या हवाली करून सरपंच भाषण करायला खाली परतले.

चौकात सगळं गाव जमलं होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बँडवाल्यांनी तोंडाला लावलेले कर्णे तसेच धरून ठेवले होते. बुर्गलबाई मफलरचं टोक पिळत उभ्या होत्या. आपण मंगळवारीच सरपंचाला खरं सांगून टाकायला हवं होतं, दंडक गेला चुलीत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. फिगिल घंटेच्या दोरीपाशी होता. त्याने गोठ्यामागे दोन गाड्या गवत आधीच पसरून ठेवलं होतं.

माथ्यावर मशाली पेटल्या. पंधरा. त्या हलल्या, पण उताराकडे आल्याच नाहीत. रानातल्या गाडीवाटेने, एकामागून एक, अगदी सावकाश खाली येऊ लागल्या. नेहमी पाच मिनिटांत संपणाऱ्या कार्यक्रमाला पाऊण तास लागला. बँडने सगळी गाणी दोनदा वाजवली. शेवटी चौकात पंधरा माणसं अवतरली, सगळी पायी, सगळ्यांच्या खांद्यावर स्की, आणि सगळ्यांत पुढे वुबेनासाहेब, मशाल सरळ धरून. खांद्यावर स्की टाकून चालण्यात मात्र त्या पंधरांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"रोमेद, हे काय?" सरपंचांनी मुख्य शिक्षकाला विचारलं. "चालत का आलात?"

"पंचविसाव्या वर्षाला पायीच उतरतात," रोमेद म्हणाला. "जुनी रीत आहे."

"आमच्याकडे नाही अशी."

"तुमच्या खोऱ्यात नसेल."

सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं. साडेतीनशे माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मग सरपंचांनी भाषणातला वाऱ्याच्या वेगाचा परिच्छेद गाळला, बिल्ला लावला आणि ही सुंदर रीत पुढच्या पत्रकात छापण्याचं वचन दिलं.

घरी आल्यावर साहेब खोलीत न जाता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कोटावर बिल्ला चमकत होता.

"बाई, एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला स्की येत नाही."

बुर्गलबाईंनी पळा खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर माणूस असा एका वाक्यात पाणी ओततो, याचा त्यांना आधी राग आला. मग तो गेला, आणि त्यांच्या तोंडून आजवर कुणाहीपुढे न निघालेलं निघालं.

"मलाही येत नाही. ते कप लेओनहार्टचे. मी जन्मात कधी पायाला स्की लावली नाही."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "फिगिलने पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून तर रोज स्की घेऊन निघत होतो. मी कबूल केलं असतं, तर तुम्हालाही करावं लागलं असतं. तुम्हाला अवघडल्यासारखं नको व्हायला."

बाई खुर्चीवर बसल्या. हे गाव कुणाचं गुपित फोडत नाही, असं त्यांना साठ वर्षं वाटत होतं.

"पुढच्या वर्षी स्की आणू नका मग," त्या म्हणाल्या.

"छे, लोक काय म्हणतील?"

बाईंना ते पटलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता वुबेनासाहेब कोऱ्या स्की खांद्यावर टाकून निघाले. त्यांच्या मागोमाग लेओनहार्टच्या स्की खांद्यावर घेऊन बुर्गलबाई निघाल्या. गल्लीतल्या लोकांना एकाएकी बर्फ लोटायची कामं आठवली. फिगिलच्या घरी त्या दिवशी चौघांचा पुरा डाव झाला, आणि पहिल्या तीन बाज्या बाईंनी मारल्या.

चार वाजता त्या परतताना बेकरीवाली दारातच उभी होती. बाईंच्या खांद्यावरच्या स्कींवर पंचवीस वर्षांची धूळ होती. ती तिने पाहिली आणि नजर वर नेली.

"काय बुर्गल, कसा होता आज बर्फ?"

"वर कडक," बुर्गलबाई म्हणाल्या, "खाली मऊ."