धर्मराजतात्यांची परदेशी पंगत

वाटूरच्या पंगतीत बुंदीची बादली कुणाच्या हातात असावी, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती धर्मराजतात्यांच्या हातात असायची. पंचायत समितीत कारकुनी करताना त्यांनी एकही फाईल वेळेवर पुढं सरकवली नसेल, पण पंगतीत त्यांचा पाय ठरत नसे. त्यांचा सिद्धांत एकच: जो ‘नको’ म्हणतो त्याच्या पोटात अजून दोन वाट्यांची जागा असते, आणि जो पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरतो त्याच्या पोटात चार वाट्यांची. अशा माणसाच्या ते सरळ हातांवर वाढत. एका जावयाच्या कोपरापर्यंत पाक ओघळला होता, ती गोष्ट लोक अजून सांगतात.

म्हणून अमेरिकेतल्या मुलानं, अंगदनं, सहा महिन्यांसाठी बोलावलं तेव्हा तात्यांना विमानाची भीती वाटली नाही, बादलीची काळजी वाटली. भुजंग टपून होताच. दहा वर्षं तो वरणावर अडकला होता (वरणाला आग्रह लागत नाही, त्यामुळे त्यात नाव होत नाही).

“तुमी बिलकुल फिकीर करू नका, तात्या,” भुजंग म्हणाला. “बादली मी सांभाळतो. तुमी आले की बराबर तुमच्या हातात देतो.”

इतकं गोड बोलून घेतलेला चार्ज कुणी परत देत नसतं, हे तात्यांना कचेरीतल्या अनुभवानं ठाऊक होतं. पण तिकीट निघालं होतं. बायकोच्या, तुळजाबाईंच्या, गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिल्यामुळे तात्या एकटेच गेले.

अमेरिकेत पहिला महिना त्यांनी खिडकीतून मोटारी मोजल्या. दुसऱ्या महिन्यात सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले. प्रीती सोशिक मुलगी. पण हळद सापडायला वीस मिनिटं लागली त्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, इथल्या चर्चमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांना जेवण देतात. वाढायला माणसं लागतात त्यांना. जाता का?”

‘वाढायला’ हा शब्द ऐकून तात्यांच्या उजव्या हाताला आपोआप बाक आला. त्याच संध्याकाळी त्यांनी गावच्या ग्रुपवर कळवलं: “अमेरिकेत वृद्धांची सेवा करून राह्यलो. फोटो पाठवतो.” (सेवा अजून सुरू व्हायची होती. पण भुजंग वाचत होता.)

चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडलेली होती आणि साठ-सत्तर म्हातारी माणसं शिस्तीत बसली होती. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, मगच चमच्याला हात लावला. तात्यांना एकदम जांब समर्थाच्या देवळातल्या पंगतीची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. व्यवस्था मार्थाबाई नावाच्या उंच बाईंकडे होती. त्यांनी तात्यांना लाल एप्रन बांधलं आणि उकडून चेचलेल्या बटाट्याचं पातेलं ताब्यात दिलं. त्या बटाट्याला फोडणी द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“माणशी एक डाव, मिस्टर राज,” मार्थाबाईंनी बजावलं.

तात्यांनी मान डोलावली. असं यजमान नेहमीच म्हणतो.

पहिल्याच खुर्चीवर वॉल्टर नावाचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा होते. एक डाव वाढून झाला.

“वन मोर?” तात्या म्हणाले.

“नो, थँक यू.”

तात्यांना मनुष्य ओळखीचा वाटला. दोन डाव घातले. आजोबांनी घाईघाईनं ताटावर हात धरले. तात्यांना गहिवरून आलं. सातासमुद्रापलीकडेसुद्धा माणूस तसाच लाजतो! त्यांनी त्या हातांच्या फटीतून आणखी दोन डाव सोडले.

आता यात एक गोम होती. त्या पिढीच्या माणसांना लहानपणीच शिकवलेलं, की ताटात टाकायचं नाही. तेव्हा वॉल्टर आजोबा निमूटपणे गिळत राहिले. ताट रिकामं दिसलं की तात्या हजर. आजोबांचं पाचव्या डावाला तोंड लाल झालं, सहाव्याला त्यांनी पट्टा सैल केला, सातव्याला डोळे मिटून पुन्हा एकदा प्रार्थना केली.

चाळिसाव्या माणसाला पातेलं संपलं. उरलेल्या वीस-पंचवीस जणांना मार्थाबाईंनी बटाट्याऐवजी पाव आणि माफी वाटली. मग तात्यांना बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाल्या, “मिस्टर राज, इथं नको म्हणजे नको.”

तात्यांना देशाची कीव आली. म्हणजे इथं माणूस उपाशीच उठत असणार!

दोन वाजता वाढपी मंडळी जेवायला बसली. “तुम्ही घेणार ना थोडं?” मार्थाबाईंनी विचारलं.

भूक तर सडकून लागली होती. पण पहिल्या बोलावण्यावर ताटावर बसायला तात्या काही भिकेला लागले नव्हते. “नो, नो,” ते हसून म्हणाले आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभे राहिले.

“बरं,” मार्थाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उरलेलं सूप डब्यात भरलं, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि भांडी घासायला घेतली. तात्यांनी पोटात कावळे ओरडत असताना ती भांडी पुसली.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा एप्रन बांधून उभे राहिले, तेव्हा मार्थाबाईंनी त्यांचं वय विचारलं.

“सिक्स्टी-एट,” तात्यांनी अभिमानानं सांगितलं.

“अरे वा! साठीच्या पुढचे सगळे आमचे पाहुणे,” त्या म्हणाल्या, आणि दंडाला धरून त्यांनी तात्यांना वॉल्टर आजोबांच्या शेजारी बसवलं. (वॉल्टरनी खुर्ची जरा लांब सरकवली.) समोर ताट आलं. बटाटा, एक डाव. तेवढ्यात कुणीतरी तात्यांच्या फोननं फोटो काढला. त्यानंतर दर बुधवारी तात्यांची खुर्ची ठरलेलीच राहिली.

ग्रुपवर फोटोचा तगादा लागला होता आणि तात्यांकडे तेवढा एकच फोटो होता. एप्रन तर स्पष्ट दिसतंय, लोक समजून घेतील, असं म्हणून त्यांनी तो पाठवून दिला. बसलेल्या माणसाच्या गळ्यात एप्रन लाळेऱ्यासारखं दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि मागच्या भिंतीवरचा बोर्ड त्यांनी वाचलाच नव्हता. तो इंजिनीअरिंगला असलेल्या मुजाहिदनं वाचला आणि सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिला: “गरजू वृद्धांसाठी मोफत जेवण.”

ते सगळ्या गावानं वाचलं. मग तुळजाबाईंचा फोन आला.

“काहो, अंगद जेवू घालत न्हाई का तुमाला?”

“अगं, मी वाढायला गेल्तो!”

“मंग समोर ताट कुणाचं हाये? सकाळधरनं बाया येऊन राह्यल्या घरी. शेजारच्या अकबरबीनं डोळे पुसले माझ्यासमोर. काय सांगू मी त्यांना?”

तात्यांनी सगळं समजावून सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितकं ते कमी खरं वाटायला लागलं.

सहा महिन्यांनी ते परतले ते बरोबर शालूच्या लग्नाच्या दिवशी. शालू भुजंगची पुतणी. तात्यांनी घरी बॅगा टाकल्या, धोतर बदललं आणि थेट मांडवात जाऊन बादलीला हात घातला.

भुजंगनं बादली हलकेच मागं घेतली. “न्हाई तात्या. आज तुमी बसायचं.”

“अरे, पण...”

“बसा. लई आबाळ झाली तुमची तिकडं.”

चार जणांनी धरून त्यांना पंगतीत मधोमध बसवलं. पत्रावळीवर बुंदीचा ढीग पडला. मुलगा असून उपाशी राहिलेल्या माणसाकडं बघावं तसं सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. विमानातल्या दोन रात्रींनी तात्यांचं पोट आधीच बिघडलेलं होतं. ढीग कसाबसा संपला, तोच दुसरा पडला. तिसऱ्याला ते कळवळून म्हणाले, “नको रे भुजंगा, खरंच नको.”

भुजंग प्रेमानं हसला. तात्यांनी घाबरून पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले.

भुजंगनं हातांवर वाढलं. पाक मनगटावरून कोपराकडं निघाला, तेव्हा तो खाली वाकला आणि आपल्या मते फक्त तात्यांच्या कानात, पण पंगतीतल्या दीडशे माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“लाजू नका, तात्या. इथंबी मोफतच हाये.”