विशेष प्रावीण्य : लेझर

मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी चार माणसं पेंगत होती आणि समोरच्या दाराशी उभं राहायलाही जागा नव्हती. मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून उभी हयात घालवल्यावर हे दृश्य त्यांना रोज चहाबरोबर गिळावं लागे. समोरचा धाकटा डॉक्टर कालपरवा आलेला, पण त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'विशेष प्रावीण्य : लेझरने मुतखडा'. मोठ्या डॉक्टरांचा नुसता जळफळाट होत होता.

"मग तुम्हीही लिहा की पाटीवर," बायको म्हणाली. "येतं ना तुम्हाला?"

"शिबिर केलंय मी त्याचं," डॉक्टर म्हणाले. शिबिरात जेवण उत्तम होतं, एवढंच त्यांना नीट आठवत होतं.

पाटी रंगली. मग एका सकाळी लेझरसाठी पहिला रुग्ण आत आला आणि त्याचा हात धरून खुद्द धाकटा.

"सर, हे माझे बाबा. मुतखडा झालाय. स्वतःच्या बापावर लेझर चालवायची माझी छाती होत नाही. तुम्ही लेझर करता हे मला ठाऊकच नव्हतं!"

"अधूनमधून," डॉक्टर म्हणाले. "हौस म्हणून."

"मग उद्याच करून टाका. मी शेजारी उभा राहून बघतो."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला आणि बुडत्या माणसाच्या आशेने वाचला. खडा बारीक होता, अगदी खालपर्यंत उतरलेला. त्यांनी तो पुन्हा वाचला. हे आपलं ज्ञान बोलतंय की भीती, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"अरे, हा आपणहून पडेल," ते म्हणाले. "काका, भरपूर पाणी प्या. ही गोळी रोज घ्या. ताप आला किंवा लघवी अडली, तर तडक या."

"पण सर, त्यांच्या वेदना बघवत नाहीत मला!"

"मुलगा म्हणून बोलतोयस. डॉक्टर म्हणून रिपोर्ट बघ."

धाकटा ओशाळला. डॉक्टरांना बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. खडा पडला नाही तर पाटीचं पितळ उघडं पडणार होतं, तेही त्याच्यादेखत. ते रोज सकाळी फोन करू लागले.

"काका, पडला का?"

"नाही हो. तुम्ही फारच काळजी करता! माझा मुलगासुद्धा इतकी विचारपूस करत नाही."

शेवटी काका बाटलीत खडा घालून आले आणि धाकट्याच्याच दाराशी उभे राहून सगळ्यांना दाखवू लागले. "नुसत्या पाण्यावर! समोरच्या डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही!"

बघता बघता गर्दी उठून या दाराशी आली. प्रत्येकाला आपला खडा नुसत्या पाण्यावर पाडून हवा होता. डॉक्टरांना आनंदाने आकाश ठेंगणं झालं. मग ते रिपोर्ट उघडत गेले. एकेकाचा खडा सुपारीएवढा. पाणी पिऊन पडेल असा एकही नाही. लेझरला पर्याय नव्हता, म्हणून एकेकाला चिठ्ठी लिहून ते समोर पाठवू लागले.

दुपारी दमलेला धाकटा दारातून डोकावला. "सर, माझ्याकडे लोक नाइलाजाने येतात, तुमच्याकडे विश्वासाने. खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर."

इतकी गोड गोष्ट डॉक्टरांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. "बस रे, चहा घे," ते मायेने म्हणाले आणि त्याच्या नावाची पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.