स्वभाव आढळून आला नाही

तुमकूर येथील विहीर नोंदणी कार्यालयातील प्रथम दर्जा लिपिक शिवनंजप्पा यांच्या पदोन्नतीचा प्रस्ताव, त्यांना स्वभाव आहे किंवा कसे याची दप्तरी नोंद नसल्यामुळे, परत आला.

प्रस्ताव परत येण्याची ही चौथी वेळ. पहिल्या वेळी सहीची शाई निळी होती, दुसऱ्या वेळी काळी होती आणि तिसऱ्या वेळी प्रस्ताव का परत आला हे सांगणारे पत्रच वाटेत गहाळ झाले. या खेपेस मात्र कारण स्वच्छ होते. बेंगळूरच्या मुख्यालयाने नवे परिपत्रक काढले होते. गोपनीय अहवालावरून माणूस कळत नाही, तो कळतो रोजच्या बारीकसारीक सवयींवरून. सबब यापुढे अधीक्षकपदाच्या उमेदवाराच्या सवयींचे एकवीस दिवस निरीक्षण करून विहित नमुन्यात त्याचा स्वभाव निश्चित करण्यात यावा.

शिवनंजप्पांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एकतीस वर्षे त्यांनी जिल्ह्यातल्या विहिरींची नोंद ठेवली होती. त्यातल्या बऱ्याच आटल्या, काही बुजल्या, एकीवर तर लग्नाचा कल्याण मंडप उभा राहिला, पण नोंदवहीतली एकही विहीर त्यांनी कमी होऊ दिली नव्हती. अधीक्षक म्हणून निवृत्त व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नी नागरत्नम्मांनी हासनच्या बहिणीला ही बातमी तीन वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती, त्यामुळे आता माघार घेणे घरच्या दृष्टीनेही अवघड होते.

निरीक्षक म्हणून तीर्थेश नावाचा तरुण आला. अतिशय सभ्य, हळू बोलणारा. त्याने या विषयाचे नऊ दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. त्याला स्वतःला नखे कुरतडायची खोड होती, परंतु निरीक्षकांना सवयी नसतात असे परिपत्रकातच नमूद असल्यामुळे त्याकडे कोणी पाहिले नाही.

पहिल्या दिवशी तो सगळ्यांबरोबर समोरच्या हॉटेलात गेला. चौचौभात मागवला गेला, म्हणजे एकाच ताटलीत तिखट उपमा आणि गोड शिरा. शिवनंजप्पांनी आधी तिखट संपवले. तीर्थेशने लिहिले, ‘सुख लांबणीवर टाकतो.’ शेजारी बसलेल्या सहकारी गंगाधरय्यांनी आधी गोड संपवले. ‘सुखाला हपापलेला.’ पलीकडे रुद्रमुनी नावाच्या लिपिकाने दोन्ही कालवून खाल्ले, तेव्हा ‘शासनाने केलेली वर्गवारी मान्य नाही’ असा शेरा पडून दुसऱ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली.

मग कॉफी आली. शिवनंजप्पा आणि गंगाधरय्या बावीस वर्षे बाय-टू कॉफी घेत. एक कॉफी, दोन पेले. ओतायचे काम गंगाधरय्यांचे. तीर्थेशची लेखणी बराच वेळ चालली.

“काय लिहिलंत सर?” शिवनंजप्पांनी विचारले.

“पूर्ण कॉफीची जबाबदारी घेत नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय सर. अर्धीच घ्या म्हणून.”

“स्वतःच्या निर्णयासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवतो,” असे पुटपुटत तीर्थेशने तेही लिहून घेतले.

घरी नागरत्नम्मांनी सर्व ऐकून घेतले. त्यांच्या मते प्रश्न एकवीस दिवसांचा होता आणि एकवीस दिवस पूर्ण कॉफी प्यायल्याने आजवर त्यांच्या माहेरचे कोणी दगावलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी शिवनंजप्पांनी छातीवर हात ठेवून पूर्ण कॉफी मागवली.  गंगाधरय्यांनी नेहमीप्रमाणे बाय-टू मागवली, दोन्ही पेल्यांत ओतली, एक पेला प्यायले, थोडे थांबले आणि मग दुसराही प्यायले. तीर्थेशने त्यांच्या नावापुढे ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ असे लिहिले.

चौथ्या दिवसापर्यंत कोणत्या सवयीला कोणता शेरा मिळतो याची यादी कार्यालयात सर्वांच्या खिशात होती. जिना उजव्या पायाने चढणाऱ्यास नेतृत्वगुण असतो असे कळल्यावर खालच्या पायरीशी सकाळी गर्दी होऊ लागली, कारण डावा पाय पुढे आलेला माणूस मागे जाऊन पुन्हा येई. छत्रीची मूठ भिंतीकडे करून टांगणारा विश्वासू ठरे. आलेल्या माणसाकडे मान वर करून न बघणारा कामसू ठरे. ही एकच सवय कोणाला नव्याने लावून घ्यावी लागली नाही. विहिरीचा उतारा मागायला आलेला एक शेतकरी टेबलापाशी दीड तास उभा होता. समोरचा लिपिक त्या वेळात ‘संयम’ दाखवत होता.

नवव्या दिवशी खुलासा करणारे दुसरे परिपत्रक आले. निरीक्षणकाळात सवयी बदलणे ही शासनाची फसवणूक समजली जाईल. सर्वांनी आपापल्या मूळ सवयी तात्काळ पूर्ववत कराव्यात. आणि इथे मोठीच अडचण उभी राहिली. आपली मूळ सवय कोणती, हे कोणालाच आठवेना. शिवनंजप्पा पहिल्या पायरीपाशी एक पाय उचलून उभे राहिले आणि तो पाय आपला आहे की परिपत्रकाचा, हे त्यांना कळेना.

शेवटी ते गंगाधरय्यांकडे गेले. सात दिवसांत दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. शिवनंजप्पांनी खालच्या आवाजात विचारले, की मी आधी कसा होतो रे?

गंगाधरय्यांनी हातातली फाइल मिटली. “पायरी चढायच्या आधी तू चष्मा सारखा करतोस. पाय कुठला ते तुला ठाऊक नसतं, जो येईल तो. फायलीची गाठ सोडताना जीभ बाहेर काढतोस. डबा उघडलास की आधी वास घेतोस आणि नागरत्नम्मांवर वैतागतोस, मग सगळं संपवतोस. आणि माझ्यावर चिडलास की आवक-जावकचं रजिस्टर जोरात आपटतोस. गेले सात दिवस ते तू हळू ठेवतोयस. बरं नाही वाटत.”

शिवनंजप्पांना गहिवरून आले. त्यांनी ते सगळे कागदावर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून कागदाबरहुकूम स्वतःसारखे वागू लागले. बाय-टूही सुरू झाली.

विसाव्या दिवशी तीर्थेशने नमुन्यातला शेवटचा रकाना समोर ठेवला. एका सहकाऱ्याच्या सवयींबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. आपल्या मित्राचे काहीतरी भले करावे म्हणून शिवनंजप्पांनी विचार करून, वळणदार अक्षरात लिहिले: ‘गंगाधरय्या बावीस वर्षे कॉफी दोन पेल्यांत ओततात. जास्त भरलेला पेला ते दरवेळी मला देतात.’

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गंगाधरय्यांची दूरच्या पावगडला बदली झाली. आदेशात कारण दिले होते: ‘वाटप करताना समानता राखत नाहीत. लाभार्थी ठरलेला आहे. बावीस वर्षांचा पुरावा लेखी उपलब्ध.’

शिवनंजप्पा धावतच तीर्थेशकडे गेले.

“सर, ती माया आहे.”

तीर्थेशने नमुना दोन्ही बाजूंनी पाहिला. “मायेला रकाना नाही हो. तुम्ही लेखी माघार घेऊ शकता. तशी तरतूद आहे. बदली लगेच रद्द होईल.”

“घेतो की मग.”

“मात्र मग तुमचा शेवटचा रकाना कोरा राहील आणि प्रस्ताव पाचव्यांदा परत जाईल.”

शिवनंजप्पांनी पेनचे टोपण काढले. समोर कोरा कागद होता. हासनची मेहुणी, एकतीस वर्षे आणि चौदा महिने त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी टोपण पुन्हा लावले आणि उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ते उद्या सांगतो म्हणाले. तीर्थेशने दोन्ही वेळा तारीख टाकून नोंद केली.

गंगाधरय्या पावगडला जायच्या दिवशी निरोप घ्यायला आले. त्यांनी एवढेच विचारले, की काय लिहिलं होतंस?

“खरं तेच लिहिलं होतं.”

“मग ठीक,” गंगाधरय्या म्हणाले. “खोटं लिहिलं असतंस तर भांडता तरी आलं असतं.”

ते गेल्यावर शिवनंजप्पांनी आवक-जावकचे रजिस्टर उघडून त्यांच्या कार्यमुक्तीची नोंद केली आणि ते अगदी हळू मिटले.

आठवड्याने मुख्यालयाकडून अहवाल आला. ‘उमेदवाराच्या सवयी पहिल्या टप्प्यात पत्नीने ठरवलेल्या, दुसऱ्यात यादीप्रमाणे आणि तिसऱ्यात सहकाऱ्याने सांगितलेल्या आढळल्या. सहकाऱ्यावर अन्याय झाल्याचे त्यांना मान्य होते, तथापि त्याविरुद्ध त्यांनी काहीही केले नाही. सबब, उमेदवारास स्वभाव आढळून आला नाही. अधीक्षकपदासाठी सर्वथा योग्य.’ खात्याच्या इतिहासात पदोन्नतीचा आदेश प्रथमच त्याच दिवशी निघाला. नागरत्नम्मांनी केसरीभात केला. शिवनंजप्पांनी वास घेतला नाही, वैतागलेही नाहीत; पुढ्यात आले ते खाल्ले.

अधीक्षक म्हणून त्यांच्याकडे आलेले पहिलेच काम नाजूक होते. योजनेचे यश पाहून शासनाने ती जनतेलाही लागू केली होती. यापुढे विहिरीचा उतारा हवा असेल त्याने आपल्या सवयींबद्दल बेचाळीस प्रश्नांचा अर्ज भरून द्यायचा होता. लोक भडकतील या भीतीने शिवनंजप्पांनी खिडकीला जाळी लावून घेतली आणि पोलीस ठाण्यात आगाऊ कळवून ठेवले.

सकाळी दहा वाजता दोनशे माणसे उभी होती. भडकले कोणीच नाही. प्रत्येकाने खिडकीशी येऊन दोनच गोष्टी विचारल्या. चांगला स्वभाव यायला कुठली उत्तरं लिहायची, आणि भरलेला नमुना कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. शिवनंजप्पांनी दुकानाचा पत्ता लिहून जाळीला अडकवून टाकला.

दुपारच्या सुमारास एक म्हातारी आली. अर्ज उलटसुलट करून तिने विचारले, “बाबा, मी आधी गोड खाते का तिखट, ह्याचा माझ्या विहिरीशी काय संबंध?”

शिवनंजप्पांनी तोंड उघडले, पण त्यांना उत्तर द्यावे लागले नाही. रांगेतून मागूनच कोणीतरी म्हणाले, “आज्जी, रांग अडवू नका हो. आम्हाला कामं आहेत.”

आवाज कोणाचा, हे शिवनंजप्पांनी मान वर करून पाहिले नाही. आपल्यापैकीच कोणाचा तरी असणार.