गोठ्यातला नर

नर कुठला आणि मादी कुठली, हे मी चालत्या टॅक्सीच्या खिडकीतून सांगते! लुसिकिसिकीच्या बाजाराला निघालं की रस्त्याकडेच्या शेतांतून गांजा उभा असतो, टॅक्सी धूळ उडवत पळत असते, शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर ऐसपैस बसलेली असते, तरी मी बोट दाखवते, "तो तिसरा नर आहे, उपटा मेल्याला!" आणि तो नरच निघतो. शाळा मी दोनच वर्षं पाहिली. पण माझ्या हाताखालून गेलेली झाडं मोजायला बसलात तर मास्तरांचे आकडे संपतील.

मी माभेले. वय चौपन्न. गेली अकरा वर्षं चौपन्नच आहे. दर महिन्याला म्हातारपणाच्या पेन्शनच्या रांगेत उभी राहते, ते खरं. पण मी म्हातारी आहे ती सरकारच्या कागदावर, गावात नाही! माझा वुयिसिले चव्वेचाळीसचा आहे म्हणून कुणी बोटं मोजायला लागलं, तर मी सांगते, खाणीत काम करणाऱ्या माणसाचं वय भराभर वाढतं.

तर या वुयिसिलेची बायको नोम्बासा. हे नाव मीच ठेवलं. सून उंबऱ्यात आली की तिला नवं नाव द्यायचा मान सासूचा. नोम्बासा म्हणजे चूल पेटवणारी. चूल पेटवते की नाही ते सोडा, मला मात्र रोज पेटवते! शेतकी शाळेत शिकून आलेली. आल्या आल्या म्हणाली, "आई, आपल्या डोंगरावरचं झाड झकास आहे, पण पिकायला आठ महिने लावतं."

"मग? आमच्या आज्यांना घाई नव्हती."

"आज्यांना गिऱ्हाईकही नव्हतं!"

मग तिनं केपटाऊनकडून कसलं तरी ठेंगणं, पसरट, माझ्या धाकट्या दिरासारखं दिसणारं झाड आणलं आणि आमच्या विजेच्या खांबासारख्या उंच झाडाशी त्याचं लग्न लावलं. तीन वर्षं निवड करत बसली. शेवटी जे निघालं त्याच्यात रक्त बारा आणे आमचं, चार आणे पाहुण्याचं. उंची आमची, घाई पाहुण्याची.

मी नाक मुरडलं. मग दुपारी चिलमीत भरून दोन झुरके घेतले. बायांनो, काय सांगू! आमचा जुना गांजा डोकं हलकं करतो, पण हा तर डोक्याची सगळी दारं-खिडक्या उघडून वर केर काढतो! गुडघे गप्प झाले. कुदळ उचलली आणि मक्याचा अख्खा तुकडा एका दमात खुरपून काढला. घाम पुसताना वर बघते तर माझी जुनी वैरीण माजोला बांधावर हसत उभी. मक्याचा तुकडा तिचा होता!

असो. डर्बनचं एक गिऱ्हाईक हे पीक घ्यायला तयार झालं. अट एकच, फुलात बी नको. एक जरी बी निघालं तरी माल परत.

नोम्बासानं त्या संध्याकाळी मक्याचा भरडा आणि चवळी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "आई, पीक बिनबियांचं निघालं तर मी इथंच राहते. नाही तर मे महिन्यात डर्बनला. बहिणीच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवंय."

"जा की! तुला कुणी दोरीनं बांधलंय?"

म्हटलं खरं. पण ताट तसंच बाजूला सरकवलं. वुयिसिले येतो नाताळला. ही यायच्या आधी मी भांड्यातूनच जेवायची आणि कोंबड्यांशी बोलायची. कोंबड्या उलट उत्तर देत नाहीत हो! चाळीस वर्षांत या घरात माझ्याशी भांडायला तोडीचं माणूस हे एकच मिळालं होतं. ते काय दुकानाच्या गल्ल्यावर बसवायला?

म्हणून मी ठरवलं, या डोंगरावर एकही नर शिल्लक ठेवायचा नाही!

कारण नराची पिवळी धूळ वाऱ्यावर उडते आणि दोन दोन टेकड्या ओलांडून माद्यांच्या फुलात बी धरवते. आमच्याकडे सगळेच नर-मादी एकत्र वाढवतात, बी धरलं तर पुढच्या वर्षीची सोय म्हणतात. मी काठी घेतली आणि घरोघर फिरले. "उपटा! बियाणं पुढच्या वर्षी माझ्या डब्यातलं घ्या, पण नर उपटा!" ज्यांनी ऐकलं त्यांना शाबासकी, ज्यांनी नाही ऐकलं त्यांना त्यांच्या आजोबांपर्यंतचा इतिहास.

चौथ्या दिवशी मुखिया न्यावुझा स्वतः आला. "माभेले, तू पहाटेपासून 'नर नकोत, नर उपटा' ओरडत फिरतेस. पुरुषमाणसं बियर प्यायला घराबाहेर पडेनात!"

"त्यांचं नंतर बघू," मी म्हटलं, "आधी झाडं."

शेवटची उरली माजोला. ओढ्यापलीकडची, माझ्या लग्नापासूनची वैरीण. ती म्हणाली, "मागं फुकट खुरपून दिलंस ना? आणखी दोन दिवस खुरप, मग उपटते."

खुरपलं! या वेळी चिलमीशिवाय. कंबर अजून आठवण काढते. पण डोंगर साफ झाला. मी गावच्या नळावर जाहीर केलं, "एक नर दाखवा आणि माझं नाव बदला!"

मार्च उजाडला. घराखालच्या वाफ्यात फुलं अशी फुगली होती की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. नोम्बासानं एक फूल तोडलं, बोटात चुरलं आणि हात माझ्यापुढं धरला.

तळहातावर हिरवट बी. उवेएवढं!

ती ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "हा वाफा गेला. मागच्या वाफ्याला आत्ता कुठं फुलाचे पांढरे केस फुटायला लागलेत, तो वाचेल. पण नर आज सापडला पाहिजे, दुपारचा समुद्राचा वारा सुटायच्या आत." आणि घरात जाऊन तिनं पलंगाखालची बॅग ओढून पलंगावर ठेवली.

मी ओढा कसा ओलांडला मला आठवत नाही. चपला ओढ्यात राहिल्या.

"माजोला! बाहेर ये! कुठं लपवलायस?"

"काय लपवलंय? नवरा? तो मेला सहा वर्षांपूर्वी!"

"नर! झाड! माझ्या सुनेचं पीक नासवलंस तू!"

"मी?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दोन दिवस माझ्या शेतात वाकून होतीस, तेव्हा डोळे काय घरी ठेवून आली होतीस? शोध! न सापडला तर सगळ्या गावापुढं माफी मागायची!"

मी तिची परसबाग, कोंबड्यांचं खुराडं, वाळत टाकलेल्या गोधड्यांमागची जागा, सगळं धुंडाळलं. भोपळ्याच्या वेलाखालीसुद्धा बघितलं. आरडाओरडा ऐकून निम्मं गाव ओढ्यावर जमलं. मुखियाही आला, मागोमाग नोम्बासाही.

न्यावुझा फार बोलत नाही. त्यानं आमच्या वाफ्याच्या कडेला उभं राहून चिलीम पेटवली आणि धूर वर सोडला. ओढ्याकडून त्याला काही वारा लागला नाही. तो आमच्या घराकडच्या वाऱ्यानं ढकलला जाऊन थेट वाफ्यावर पसरला.

"वारा वरून येतो," मुखिया म्हणाला. "वर काय आहे?"

"वर आमचं घर आहे!" मी म्हटलं. "आणि घराच्या वर आमचा गोठा."

सगळे वर चालायला लागले. मी मात्र चपला नसल्याचं निमित्त करून सगळ्यांच्या मागं राहिले.

आमच्याकडचा गोठा म्हणजे खुंटांचं गोल कुंपण, वर आभाळ, आत घरच्या पितरांची जागा. आमचे हे गेले, मग गुरं विकली, तेव्हापासून तो ओसाड आहे. आत गवत, रानटी मका, चाळीस वर्षांचं शेण. आणि मधोमध, मक्याच्या आडोशाला, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर होईल एवढं उंच, घुंगरांसारख्या कळ्यांनी लगडलेलं एक झाड. मुखियानं खुंटाला काठी टेकवली तेवढ्या धक्क्यानं त्यातून पिवळी धूळ उडाली आणि त्याच्या टोपीवर बसली.

नर! गावातला सगळ्यात देखणा नर!

"आई," नोम्बासा हळू म्हणाली, "हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं की! तिला नव्हतं, कारण सुनेनं सासऱ्याच्या गोठ्याकडं मान वर करून बघायचं नाही, लांबून वळसा घालून जायचं, हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. शहाणी पोर, तेवढं एक मुकाट ऐकलं!

"अगं, कोंबड्यांना मी बियांचा चुरा टाकते ना कुंपणापाशी, त्यातलं एखादं रुजलं असेल," मी म्हटलं. "पण ते नेमकं तिथं उगवलं, जिथं हे चिलीम ओढत बसायचे. मला वाटलं, ह्यांनीच पाठवलंय. रोज सकाळी मी कुंपणाबाहेरून विचारते, उठलात का म्हणून. नर आहे ते दिसत होतं गं. पण आपल्या नवऱ्याला कुणी नर म्हणून उपटतं का?"

कुणी हसलं नाही. माजोलासुद्धा नाही. ती म्हणाली, "उंची मात्र तुझ्या नवऱ्यावर गेली नाही हां!"

"झाड काढायला हवं," मुखिया म्हणाला. "आत्ता."

पण काढणार कोण? घरचा पुरुष प्लॅटिनमच्या खाणीत, जमिनीखाली, फोन बंद. परक्या पुरुषानं धनी नसताना दुसऱ्याच्या गोठ्यात, दुसऱ्याच्या पितरांमध्ये पाय टाकायचा नाही. एकजण कुजबुजला, "उद्या यांचं काही बिघडलं तर नाव माझं येईल." आणि सासरी आलेल्या बाईनं तर गोठ्यात शिरायचंच नाही. खाली गवताची टोकं हलायला लागली होती. समुद्राकडचा वारा जागा होत होता.

न्यावुझानं घसा खाकरला. "तसं बघितलं तर, पोरं व्हायचं वय सरलेली घरची बाई गोठ्यात जाऊ शकते. तिला मोकळीक असते."

हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही का? राहून गेलं असेल.

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी आभाळाकडे.

"माभेले," मुखिया अगदी अदबीनं म्हणाला, "तुझं वय काय म्हणतेस?"

"चौपन्न!" माजोलानं माझ्या वतीनं सांगून टाकलं. "अकरा वर्षं ऐकतोय आम्ही!"

आता बायका हसल्या. माझे कान तापले. तेवढ्यात नोम्बासा पुढं झाली. "राहू द्या," ती म्हणाली. "आई अजून तरुण आहेत. त्यांना कशाला गोठ्यात पाठवता? माझं पीक पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! डर्बनच्या दुकानात गांजा लावणार होती काय! माझी पत राखायला त्या पोरीनं गावासमोर तीन वर्षांची मेहनत सोडून दिली, आणि तेही असा चेहरा करून, की जणू मिठाची पुडी सांडली.

"पासष्ट!" मी ओरडले. "ऐकलंत? पासष्ट! पुढच्या महिन्यात सहासष्ट! आता बाजूला व्हा आणि मला कोयता द्या!"

मग सूत्रं नोम्बासानं हातात घेतली. "आधी पाणी! ओली धूळ उडत नाही. मग घोंगडी गुंडाळा, मग कापा!" बायकांनी कुंपणावरून झाडावर बादल्या रिकाम्या केल्या. मी अंगावरची घोंगडी काढली, चप्पल नव्हतीच, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले. शेण मऊ होतं, ऊबदार होतं. "आलेच हो," मी हळूच म्हटलं, "रागावू नका. सून घर सोडून चाललीय, आणि तुम्ही तिच्या वाफ्यावर धूळ उडवत बसलायत. या वयात शोभतं का?" घोंगडी गुंडाळली आणि मुळाशी कोयता घातला. तीन घाव लागले. झाड मुकाट आडवं झालं, म्हणजे ह्यांना पटलं असणार. जिवंत असताना एवढं पटकन कधी पटलं नव्हतं!

बाहेर आले ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. "आई, तिथंच थांबा! वाफ्याकडं यायचं नाही!" नोम्बासा किंचाळली आणि भर गावात माझ्या अंगावर बादली ओतली. दुसरी बादली माजोलानं ओतली, गरज नसताना. तिसरीही तिनंच. मी ओतू दिली, कारण मला तिची माफी मागायची होती. मागितली. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आली नाही म्हणून पुन्हा मागायला लावली!

मागचा वाफा वाचला. मे महिन्यात गिऱ्हाइकानं मूठ मूठ चुरून बघितलं, एक बी निघालं नाही. घराखालच्या वाफ्यातलं आम्ही घरात ठेवलं, माझ्या चिलमीला बियांचं वावडं नाही. रोज दुपारी दोन झुरके घेते आणि नोम्बासाशी भांडते. परवा तर तिला शेत खुरपायची पद्धत संध्याकाळपर्यंत समजावत होते. ती मध्येच बटाटे सोलून, शिजवून, वाढून मोकळी झाली.

एकच घोळ झाला. आमच्या डोंगरावरचे निम्मे पुरुष खाणीत आहेत, घरोघरी गोठे ओस पडलेत. आता कुणाच्या गोठ्यात शेळी अडकली, कुंपण पडलं, कोंबडी आत अंड्यांवर बसली, की निरोप येतो, "माभेलेला बोलवा, ती भरपूर म्हातारी आहे!" आठवड्याला तीन-तीन गोठे फिरते मी! काल माजोलानं बोलावलं. मी म्हटलं, "अगं, तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी! तू स्वतः जा की आत!"

"मी?" माजोलानं छातीवर हात ठेवला. "मी तर अजून एक्कावन्न!"