केलेबोन्येची हक्काची सफर

“सिंह नक्की दिसेल, असं लेखी द्याल का?” त्या सकाळी आलेलं हे चौथं पत्र. केलेबोन्येने ‘सिंह आमच्या नोकरीत नाहीत’ असं टाइप केलं, पुसलं, आणि ‘शक्यता चांगली आहे’ असं लिहून पाठवून दिलं. माउनमधल्या त्या सफर कंपनीत ती एकवीस वर्षं हेच करत होती. कोणाला होडीची भीती, कोणाला कांदा चालत नाही, कोणाला नवऱ्याशेजारचा तंबू नको. ओकावांगो नदीच्या पाणथळ रानात तिने किती माणसं धाडली याची मोजदाद नव्हती. स्वतः मात्र एकदाच गेली होती, तीही एका पाहुण्याचा विसरलेला चष्मा पोचवायला.

म्हणून जानेवारीत पाहुणे आटले आणि मालक सेबिना साहेब म्हणाले, “दोन रात्री, दोन माणसं, विमानासकट कंपनीतर्फे. जाऊन ये,” तेव्हा तिला हत्ती आठवले नाहीत की पाणघोडे. रानातल्या छावणीत मोबाइल लागत नाही, एवढंच आठवलं. तिला झोपायचं होतं.

चूक एकच झाली. तिने हे घरी सांगितलं.

“दोन माणसं म्हणजे तू आणि कोण?” चुलीपाशी बसलेल्या आईने विचारलं.

“मी आणि कोणी नाही.”

“म्हणजे एक जागा वाया?” चौऱ्याहत्तर वर्षांत आईने उष्टी भाकरसुद्धा वाया घालवली नव्हती. “मी येते. हत्तींचं कौतुक नाही मला, आमची ज्वारी खाऊनच मोठे झालेत मेले. पण विमानात बसेन म्हणते. फक्त मोसेपेलेला विचारायला हवं.”

मोसेपेले म्हणजे आईचा थोरला भाऊ. मामाशिवाय ज्या घरात लग्न ठरत नाही आणि मयत हलत नाही, तिथे सफर कशी हलणार? शुक्रवारच्या बसने मामा गावाहून आले, टोपी काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सफरीचा कागद आण.”

कागद आला. मामांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाखालून काढली. “‘जंगली जनावराने इजा केल्यास कंपनी जबाबदार नाही.’ मग कोण जबाबदार?”

“कोणीच नाही, मामा. सगळे पाहुणे सही करतात.”

“ते परके. त्यांना मामा नसतील. माझ्या बहिणीला हत्तीने तुडवलं तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू? हत्तीच्या?”

“मामा, तसं काही होत नाही हो.”

“होत नाही तर लिहिलं कशाला? ते काही नाही. जबाबदार मी. मी येणार.”

“विमानात दोनच जागा आहेत.”

“मग गाडीने जाऊ.”

केलेबोन्येने थकून साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, बुधवारी छावणीत सामानाची गाडी जातेच आहे, तीत बसा.

“ड्रायव्हर सोडून माणसं किती बसतात?” मामांनी सहज विचारलं.

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण एकवीस वर्षांची सवय. “नऊ,” ती म्हणाली.

रविवारी प्रार्थना संपेपर्यंत नऊ झाले. आई, मामा, दोन मावश्या, एका मावशीची विहीण, आईच्या गायनमंडळातल्या तिघी आणि स्वतः केलेबोन्ये.

सोमवारी तिने छावणीतल्या डिकुम्बाला वायरलेसवर गाठलं. तो तिथला व्यवस्थापक आणि आचारीही.

“नऊ?” डिकुम्बा ओरडला. “मी दोघांपुरता मासा काढून ठेवलाय!”

“जेवण घरचेच आणतायत. पीठ, तीन पायांचं पातेलं आणि एक बोकड.”

“जिवंत? अजिबात नाही! वासावर सिंह येतील.”

मामा मागे उभे राहून ऐकत होते. “मग बरंच की,” ते म्हणाले. “बघायला सिंहच चाललोय ना?”

तासाभराच्या वाटाघाटीनंतर बोकड घरीच कापायचा असं ठरलं. मग कपडे. भडक रंग चालत नाहीत म्हणताच गायनमंडळ भडकलं. त्यांचा गणवेश लालभडक होता.

“देवाला चालतो आणि रानम्हशीला चालत नाही?” धाकट्या मावशीने विचारलं.

केलेबोन्येने दहा वेळा समजावलं, अकराव्या वेळी मान हलवली. आठ जणांचे कागद तिने भरले, मावशीचं गुडघ्याचं तेल पिशवीत घातलं, विहीणबाईंना खिडकी आणि मामांना पुढची जागा दिली. परक्यांच्या सफरीत निदान माणसं उलट उत्तरं इंग्रजीत देत.

बुधवारी सकाळी गाडी दारात लागली आणि पहिल्या बसमधून मामी उतरली. डोक्यावर गाठोडं, कपाळावर आठ्या.

“शेत सोडून आलीस?” मामा गडबडले.

“हत्ती हाकायचे मी, आणि बघायला जायचं तुम्ही?” मामी म्हणाली आणि गाडीत चढून बसली. नववी जागा भरली.

सगळे केलेबोन्येकडे बघू लागले. “मी जाईन नंतर कधीतरी,” ती म्हणाली. नको नको, असं कसं, असं सगळे म्हणाले, पण उठलं कोणीच नाही. आईने खिडकीतून तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग लालभडक गाडी गात गात निघून गेली.

आत येऊन केलेबोन्ये झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. अंगण झाडलं. चहा केला, सवयीने दोन कप. घरात इतकी शांतता होती की घड्याळ खोकतंय असं वाटायला लागलं. दुपारी ती कचेरीत जाऊन बसली.

“तू सुट्टीवर ना?” साहेबांनी विचारलं.

“हो. सुट्टीच घेतेय.”

तेवढ्यात छावणीच्या उपग्रह-फोनवरून फोन आला. कोण तुडवलं गेलं?

“मी बोलतेय,” आई कुजबुजली. “डिकुम्बाला सांगून फोन मागून घेतला.”

“काय झालं? हत्ती आला?”

“बाकीचे गेलेत बघायला. काल संध्याकाळी गेले, आज सकाळी गेले, आत्ताही गेले. मी झोपलेय.”

“बरं वाटत नाहीये का?”

“अगं, बरं वाटतंय म्हणून तर! इथे मला कोणी उठवतच नाही. चहा आणून ठेवतात आणि पाय न वाजवता जातात. सकाळी तंबूबाहेर काहीतरी मोठं धूड गवत खात होतं. मी कूस बदलली.”

केलेबोन्येला हसू आलं. आईला दिवसा आडवं झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“ऐक,” आई आणखी हळू बोलू लागली. “पुढच्या जानेवारीला दोन जागा धर. तू आणि मी. जेवायच्या वेळीच उठायचं. कोणाला सांगू नकोस.”

“आणि मामा?”

फोनमध्ये गाडी थांबल्याचा आवाज आला, मग गाणं, मग मामांचा खणखणीत स्वर, “कोणाशी बोलतेस गं?”

“कोणी नाही,” आई म्हणाली. “राँग नंबर आहे.” आणि तिने फोन ठेवला.