गाठोड्यांचा नेपाळ दौरा

पंचायत समितीतल्या क्लार्कला भर मे महिन्यात बारा दिवसांची रजा मिळते, यावर लोहाऱ्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. पण बुद्धघोषनं ती मिळवली होती. त्यासाठी तीन महिने साहेबांच्या प्रत्येक विनोदाला तो हसला होता, आणि साहेबांचे विनोद म्हणजे काय असतात ते ऑफिसातल्या कुणालाही विचारा.

एवढा आटापिटा कशासाठी, तर क्षमासाठी. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या सोळा वर्षांत नवरा-बायको दोघंच असे कुठं म्हणजे कुठं गेले नव्हते. गेले ते लग्नाला नाहीतर मयतीला, आणि तेही निम्मं घर बरोबर घेऊन. पोरगी तुळजापूरला वसतिगृहात गेली, तेव्हा क्षमा एकदाच म्हणाली होती, "एकदा आपण दोघंच जाऊ की हो कुठंतरी. बर्फाचा डोंगर तरी बघू." सोलापूरहून एका यात्रा कंपनीची बस लुंबिनी करून काठमांडूला जायची. बुद्धघोषनं दोन सीटा धरल्या, पैसे भरले, आणि मगच घरात सांगितलं. आधी घरात सांगायला तो काय येडा होता?

धास्ती होती ती आईची. नेपाळातल्या भूकंपाला नुकतं वर्ष झालं होतं, आणि पुतळाबाईंनी त्र्याण्णवचा भूकंप अंगावर झेललेला. आई आडवी येणार, हे धरून बुद्धघोषनं उत्तरं पाठ करून ठेवली होती.

पुतळाबाईंनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "जा की," त्या म्हणाल्या. "पर मोकळ्या हातानं जायचं न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? आपल्या टायमाला कुठनं कुठनं आलं हुतं. ज्याला आपलं नाव ठावं न्हाय त्यानं पांघरूण धाडलं. आन् तू त्यांच्या दारात जाऊन नुसता बर्फ बघून येणार व्हय?"

एवढंच ना! बुद्धघोषला हायसं वाटलं. "बरं, दे एखादी वाकळ," तो म्हणाला आणि तिथंच फसला.

पुतळाबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या आणि तिथं बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कडूबाई दोन वाकळा घेऊन दारात उभ्या. दुपारपर्यंत सात वाकळा झाल्या. मग ज्वारीचं पीठ आलं, कडक भाकरी आल्या, शेंगाची चटणी आली. अख्खं गाव पुनर्वसनातलं. प्रत्येकाला काहीतरी फेडायचं होतं आणि फेडायला नेपाळला जाणारा पहिलाच माणूस सापडला होता. चौथ्या दिवशी माजी सरपंच आण्णासाहेब सहा पत्रे घेऊन आले.

"बुद्धघोषराव, भूकंपात पहिला लागतो पत्रा. आपल्याला अनुभव हाय."

"आण्णासाहेब, म्या बसनं चाललोय! ट्रकनं न्हाय!"

"टपावर बांधू की."

आता एकच आशा उरली होती. बुद्धघोषनं यात्रा कंपनीला फोन लावला आणि एक माणूस तरी जगात नाही म्हणेल म्हणून देवाची नाही पण दैवाची आठवण काढली. "पत्रे?" तिकडून आवाज आला. "चालतंय की. नीट बांधा म्हंजे झालं. पुण्याचं काम हाय."

घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. क्षमाची नवी बॅग गाठोड्यांच्या ढिगाखाली कुठंतरी गाडली गेली. बुद्धघोष ढिगाला टेकूनच जेवायचा.

त्यात समाजमंदिरात बैठक बसली. विषय : द्यायचं कसं?

"हातात द्यायचं," पुतळाबाई उठून म्हणाल्या. "बसून, इचारून द्यायचं. आपल्या अंगावर ट्रकातनं कपडे फेकत हुते. माझ्या हातात टाय आली. गळ्यात बांधायची टाय! घर गेलं, लेक गेली, आन् म्या टाय घेऊन हुबी." कुणी हसलं नाही. "आन् ह्याला काय बोलता येतंय? ह्यो फोटो काढील आन् फुडं जाईल. आपली पडलेली घरं बघायलाबी अशीच लोकं येत हुती."

सगळं समाजमंदिर बुद्धघोषकडं बघायला लागलं. चार दिवसांचा कोंडलेला संताप त्याच्या डोक्यात गेला.

"मग तुमीच जावा की!" तो ओरडला.

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या वडिलांनी, आबारावांनी, घसा खाकरला. हा माणूस बैठकीत बोललेला गावानं कधी ऐकला नव्हता.

"जातो," आबाराव म्हणाले.

आण्णासाहेबांनी टाळी वाजवली आणि ठराव एकमतानं पास. यात्रा कंपनीनं दोन्ही सीटांवरची नावंही बदलून दिली. मेल्यांनी एका शब्दानं अडवलं नाही!

त्या संध्याकाळी क्षमानं ढिगाखालून बॅग ओढून काढली आणि सासूची लुगडी तिच्यात भरायला घेतली.

"रागावलीस?" बुद्धघोषनं विचारलं.

"सोळा वर्षं झाली. राग तरी किती दिवस टिकणार?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. बुद्धघोषला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

हार-तुरे घालून गावानं आबाराव-पुतळाबाईंना बसमध्ये बसवलं. रजा रद्द करावी, तर टेबलावर दुसरा माणूस नेमलेला. पोरगी सुट्टीला आजोळी गेलेली, निदान रिकाम्या घरात दोघं तरी राहू, हाही विचार फुकट गेला. गाव सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचं. "फोन आला का? पत्रे पोचले का?" क्षमा दिवसाला चाळीस कप चहा करायची. शेवटी बुद्धघोष म्हणाला, "उद्याच्याला रजेचा शेवटचा दिवस. नळदुर्गचा किल्ला बघू, ढाब्यावर जेवू. फक्त आपण दोघं." क्षमा कितीतरी दिवसांनी हसली.

आणि फोन वाजला.

"जय भीम. उद्याच्याला सोलापूरला टेम्पो घेऊन ये," पुतळाबाई म्हणाल्या. "मोठा आण."

"टेम्पो? दिलं न्हाईस व्हय सामान?"

"दिलं की समदं. एक बाई भेटली, पत्र्यातच राहती अजून. तिच्याजवळ बसले. तिनं तिचं सांगितलं, म्या आपलं सांगितलं. घर कसं पडलं, तुझी बहीण कशी गेली. लई रडलो दोघी."

"कुठल्या भाषेत?"

"रडायला भाषा लागती व्हय रं? दुसऱ्या दिवशी तिचं गाव गोळा झालं. घोंगड्या काय, पोरांचे सदरे काय, मक्याची पोती काय! तिला वाटलं, आपलं घरबी आत्ताच पडलंय. बसभर सामान झालंय."

"आई! तेवीस वर्षं झाली म्हणून सांगायचं न्हाय का?"

"मलाबी तवा ध्यानात आलं न्हाय," पुतळाबाई हळूच म्हणाल्या.

बुद्धघोष फोन हातात धरून खाली बसला. नेपाळ गेलं होतंच, आता नळदुर्गही गेलं. क्षमानं सगळं ऐकलं होतं.

सकाळी टेम्पो दारात आला, तर केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी आण्णासाहेब मांडी घालून बसलेले. मांडीवर हारांची टोपली. "स्वागत तर व्हायला पायजे का न्हाय?" ते म्हणाले. "चला, सरकून घेऊ. क्षमाताई, तुमी न्हाय आलात तरी चालतंय."

बुद्धघोषला रडावं की टोपली फेकावी कळेना. क्षमा आत गेली. ती जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली, ती ठेवणीतली साडी नेसूनच. तिनं केबिनकडं पाहिलंसुद्धा नाही. मागं गेली, पदर खोचला आणि रिकाम्या टेम्पोच्या हौद्यात चढून एका बाजूला टेकून बसली.

"या की हो मागं," ती नवऱ्याला म्हणाली. "सोलापूरपर्यंत हितं कुणीच न्हाय."