इनासच्या तीन काठ्या

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर इनास राहतो. त्याच्या दारापुढे वीतभर अंगण आहे. त्या अंगणाच्या तोंडाला त्याने दोन खांब रोवलेत. दोन्ही खांबांना तीन-तीन भोकं पाडलीत, आणि त्यांतून झाडूच्या काठ्या आडव्या घालतो. फाटक नाही, कडी नाही, कुलूप नाही. नुसत्या काठ्या.

एकही काठी आडवी नसली, तर इनास घरात आहे. एक आडवी असली, तर जवळच गेलाय, येईल एवढ्यात. दोन असल्या तर यायला संध्याकाळ होईल. तिन्ही आडव्या, म्हणजे लांब गेलाय, वाट बघू नका. ही पद्धत जेजूची. जेजू म्हणजे कोरियातलं बेट, ज्वालामुखीने केलेलं. इनास तिथे नऊ वर्षांपूर्वी बायकोबरोबर फिरायला गेला होता. चार दिवस. मी सासरी पन्नास वर्षं काढली, पण सासरबद्दल एवढं बोलत नाही.

हा मूळचा वसईचा, आमच्याच बाजूचा. इथे परदेशात, वेस्टमीडला, रक्त तपासायच्या लॅबमध्ये होता, आता रिटायर झाला. मी वरच्या मजल्यावर लेकीकडे, रीटाकडे राहते. इनासची बायको सिसिल आता सगळं विसरते, स्वतःचं नावसुद्धा. घरी सांभाळणं होईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला जवळच्या, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. चालत दहा मिनिटं. हा दिवसातून चार वेळा जातो आणि येतो. जाताना एक काठी घालतो, आला की काढतो. दुसरी-तिसरी मी कधी आडवी पाहिली नाही.

"इनास, त्या दोन काठ्या मला दे. मला कपडे वाळत घालायला होतील," मी म्हणायची.

"बाय, नियम तीनचा आहे."

बाकी काहीही दाखवा, त्याचं एकच ठरलेलं, "जेजूत असं नसतं." रीटाने संत्री आणली, तर जेजूची संत्री कशी सालीसकट गोड लागतात ते ऐका. शेजारच्या बंगल्याचं कुंपण वाऱ्याने आडवं झालं. लोक बिचाऱ्या घरवाल्याला धीर देतात, तर हा त्याला दोस्तासारखं सांगतोय, "मेट, जेजूत काळ्या दगडाच्या भिंती असतात. मध्ये सिमेंट नाही, माती नाही. वारा फटींतून निघून जातो, म्हणून भिंत पडत नाही." त्या माणसाने हात जोडले नाहीत एवढंच.

बाजूच्या ब्लॉकमधल्या गोऱ्या म्हातारीने एकदा काठ्या बघून विचारलं, "घोडा कुठाय, मेट?" मला वाटलं, बरी जिरली. पण हा धावत वर आला. "बाय, तिला बरोब्बर कळलं! पूर्वी तिथे घोडी-गुरं आत शिरू नयेत म्हणूनच घालायचे!"

गेल्या वर्षी रीटाने ठरवलं, एकदा जाऊन बघूच हे जेजू. इनासलाही चल म्हटलं. त्याचा चेहरा असा फुलला, की मला जरा कीवच आली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वहीत सूचना लिहायला बसला. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून अक्षरं बोटाएवढी काढली. समुद्रकाठच्या डोंगरावर सकाळीच चढायचं. तिथल्या दगडी आजोबांच्या पुतळ्यांच्या नाकाला हात लावायचा नाही, मुलगा होतो म्हणतात. ("इनास, मी ऐंशीला आले." "तरी नको, बाय.") समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

तिकिटं झाली. आणि निघायच्या आठवडाभर आधी म्हणतो, "मी येत नाही. गुडघा दुखतो."

"तुझा गुडघा दिवसातून चार वेळा होमला जातो, तेव्हा नाही दुखत?"

मला राग आला. आम्ही गेलो.

खोटं कशाला बोलू, बेट चांगलं आहे. त्या डोंगराला पायऱ्या फार, पण वर मधोमध हिरवी वाटी आहे, पातेल्यासारखी. बुड्या मारणाऱ्या बायका तर माझ्या वयाच्या. पाण्यातून डोकं वर काढलं की शीळ घालून श्वास सोडतात. किनाऱ्यावर त्यांतली एक माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. मग तिने मला जाळीतले शंख दाखवले आणि मी मान डोलावली. वसईच्या बाजारात बसली असती तर कुणी परकी म्हणून ओळखली नसती.

काठ्यांची फाटकं मात्र एकाच ठिकाणी दिसली, पाहुण्यांना दाखवायला जुनी घरं राखलीत तिथे. आम्ही फिरलो त्या गल्ल्यांत लोखंडी गेटं आणि नंबर दाबायची कुलपं. मी मनात म्हटलं, थांब इनास. आता तुला सांगते जेजूत कसं असतं ते.

परत आले, त्याच्या अंगणात बघितलं, एक काठी आडवी. दम निघेना, संत्र्याच्या वड्या घेऊन सरळ होमला गेले. सिसिल खिडकीशी बसली होती. इनास नव्हता. तिच्यासमोर टेबलावर लाकडाचे दोन ठोकळे, त्यांना तीन-तीन भोकं, आणि त्यांतून जेवायची एक काडी आडवी घातलेली. दोन काड्या बाजूला.

"इनास कुठाय गं?" मी विचारलं.

तिने मला ओळखलं नाही. काडीकडे बोट केलं. "जवळच गेलाय. येईल."

तो चहा घेऊन आला आणि आधी काडी काढली. मग आपणच बोलला. "तिचं विसरणं जेजूतच सुरू झालं, बाय. मी संत्री आणायला गेलो, तर ही रडायला लागली. उतरलो होतो त्या घराला शोभेच्या काठ्या होत्या. घरवालीने त्या दाखवून समजावलं. बाकी सगळं गेलं डोक्यातून, तेवढं राहिलंय."

"आणि दोन घातल्या तर?"

"एकदा घातल्या. विमानाने मुलाकडे गेलो होतो, मॉसन लेक्सला, एका दिवसापुरता. परत येईपर्यंत जेवली नाही."

मी वड्यांचा डबा उघडला. गेटांचं आणि कुलपांचं सांगायचं राहून गेलं. सिसिलने तीन वड्या खाल्ल्या.

निघाले तेव्हा इनास माझ्याबरोबर होमच्या फाटकाबाहेर आला. "जेजूत काय काय बघितलंस ते सांग ना, बाय. चल, घरापर्यंत सोडतो."

"एकच काडी घालून आलायस," मी म्हटलं. "जा माघारी."